सुगीतले चांदणे

भादवा सरला. पितरे जेवून गेली. हस्ताचा पाऊस एक-दोनदा गडगडला आणि आभाळ मोकळे झाले. शिवारात सोयाबीन वाळले आहे. भुईमूग उपटायला आला आहे. भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या आहेत.

हे दिवस कसले, असे विचारा. पुस्तकवाला म्हणेल, शरद ऋतू. आश्विन आणि कार्तिक हे त्याचे दोन महिने. शेतकरी म्हणेल, सुगी. घरातली बाई म्हणेल, कामाचा डोंगर. तिघेही खरेच बोलतात. वर्षातले सगळ्यांत देखणे दिवस आणि सगळ्यांत जास्त कामाचे दिवस एकाच वेळी येतात, त्याला काय करायचे?

आमचे गाव पंचगंगेच्या काठचे. कोल्हापूर एस. टी. ने पाऊण तास. या दिवसांत आमच्या भागात काय काय असते बघा. मुलींचा हादगा असतो. अंबाबाईचे नवरात्र असते. ललिता पंचमीला देवीची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथे कोहळा फोडतात. दसऱ्याला दसरा चौकात सोने लुटतात. मग कोजागिरी, मग दिवाळी. आणि याच दिवसांत मळणी, भात कापणी, शाळांची परीक्षा, घराची साफसफाई, जात्यावरची नाही तरी गिरणीवरची दळणे, आणि उसाला पाणी. बाई नोकरी करणारी असेल तर तिला हे सगळे करून शिवाय कामावर जायचे.

आम्ही मॅट्रिक झालो, मास्तर झालो, पुढे हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. मास्तराला कसली आली सुगी, असे लोक म्हणतात. सांगतो. ३० सप्टेंबर ही तारीख शाळेला फार मोठी. त्या दिवशी पटावर मुले किती, ते बघून शाळेला शिक्षक मंजूर होतात. पट घसरला तर शिक्षक जातो. आमची शाळा दोन शिक्षकांची. एक गेला तर चार वर्ग एकट्याच्या गळ्यात. म्हणून सप्टेंबरअखेर आम्ही वाड्या-वस्त्या पालथ्या घालत असू. कुणाचे पोर म्हशीमागे असे, कुणाची पोर धाकट्या भावाला सांभाळत असे. त्यांना शाळेत आणायचे. ते झाले की सहामाही परीक्षा. पेपर तपासा, निकाल करा, तक्ते भरा. सगळे दिवाळीच्या सुट्टीआधी.

एका कोजागिरीची गोष्ट आहे. आमचा थोरला तेव्हा सहा वर्षांचा होता. तुम्हाला ठाऊकच आहे, आश्विनी पौर्णिमेला घरातल्या पहिल्या लेकराला ओवाळतात. मुलगा असो, मुलगी असो, थोरले असले म्हणजे झाले. पोराने सकाळीच सांगून ठेवले होते, "बाबा, लवकर या." आम्ही हो म्हटले. संध्याकाळी शाळेत कंदील लावून पेपर तपासायला बसलो ते बसलोच. एवढा गठ्ठा संपवू आणि जाऊ, असे करता करता साडेदहा वाजले.

घरी आलो. अंगणात घोंगडे अंथरलेले होते. दुधाच्या पातेल्यावर जाड साय धरली होती. पोर घोंगड्यावरच झोपले होते. कपाळाला कुंकू दिसत होते. तबकातले निरांजन विझून गेले होते.

"किती वाट बघायची?" ही म्हणाली. "बाबा आल्यावर, बाबा आल्यावर म्हणत झोपलं. मग झोपेतच ओवाळलं."

आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षीही तेच झाले. त्याच्या पुढच्या वर्षी पोराने विचारायचे सोडून दिले.

ही चूक आमची. शाळेची नव्हे. गठ्ठा दुसऱ्या दिवशीही तिथेच राहिला असता. पण तेव्हा वाटे, काम संपले की मग सणाला बसू. सुगीत काम संपतच नाही, हे आम्हाला शेतकऱ्याच्या पोटी जन्मून कळले नाही!

आता निवृत्त झाल्यावर वेळ आहे. पहाटे उठून बांधाने फिरून येतो. या दिवसांत गवतावर दव असते. पाय गुडघ्यापर्यंत भिजतात. पाऊस नसता हे पाणी आले कुठून? समजून घ्या. हवेत नेहमीच थोडी पाण्याची वाफ असते, ती दिसत नाही. पावसाळ्यात ढग असतात. ढग म्हणजे जमिनीच्या अंगावरची गोधडीच. रात्री जमिनीची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडून मोसमी पाऊस माघारी फिरतो. गोधडी निघते. रात्री जमीन आणि गवत थंड पडते. मग हवेतली वाफ गार पात्याला लागते आणि तिचे पाणी होते. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो ना, तसेच हे. दुपारी मात्र तोच मोकळा सूर्य भाजून काढतो, आणि जमीन ओली असल्याने घामही वाळत नाही. यालाच लोक ऑक्टोबरची हीट म्हणतात. म्हणून सोयाबीन काढणाऱ्यांनी सकाळी लवकर रानात जावे, दुपारी सावली धरावी. भरपूर पाणी प्यावे. आणि जाताना क्षणभर थांबून त्या दवावरचे ऊन बघावे. त्याला काही वेगळा वेळ लागत नाही.

आता चांदण्याकडे येऊ. कोजागिरीचा चंद्र इतर पौर्णिमांहून मोठा असतो, असे पुष्कळांना वाटते. तो तेवढाच असतो. आषाढ, श्रावण, भाद्रपद या तीन पौर्णिमा बहुधा ढगांत जातात. मग आश्विनात पावसाने धुतलेल्या आभाळात पूर्ण चंद्र दिसला की तो नवा वाटतो. चंद्रकिरणांनी दुधात गुण उतरतो, असेही म्हणतात. चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच उजेड, चंद्रावर आपटून परत आलेला. दुधाला गोडी येते ती साखरेने आणि वेलदोड्याने. पण चांदण्यात बसून प्यायलेले दूध जास्त गोड लागते, हे आम्हीही कबूल करतो.

या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' असे विचारत फिरते, अशी समजूत आहे. म्हणजे, कोण जागे आहे? त्यावरून कोजागिरी हे नाव पडले. आमच्या गावात तिने विचारले तर पुष्कळ जण ओ देतील. पंपाची वीज रात्री आली म्हणून बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजणारा शेतकरी जागा असतो. शिरोलीच्या वसाहतीत लोखंड ओतणारा कामगार जागा असतो. आणि दवाखान्यात रोग्याच्या उशाशी परिचारिका जागी असते.

परिचारिकेचे नाव मुद्दाम काढले. आमच्या सूनबाई तेच काम करतात. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या असतात. एका वर्षी कोजागिरीलाच रात्रपाळी आली. आठला हजर व्हायचे म्हणजे सातच्या आधी घर सोडायला हवे. नात सात वर्षांची, घरातली पहिली. सूनबाई म्हणाल्या, "मामा, मी नसले तरी तुम्ही सगळे बसा. बाराला दूध द्या सगळ्यांना. पोरीला आत्याबाई ओवाळतील."

आमच्या डोळ्यांपुढे ते विझलेले निरांजन आले. आम्ही म्हणालो, "बाराची वाट कशाला बघायची? चंद्र संध्याकाळीच उगवतो की."

हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पौर्णिमेला सूर्य एका बाजूला, चंद्र समोरच्या बाजूला आणि आपली पृथ्वी मध्ये असते. म्हणून इकडे सूर्य बुडायला आणि तिकडे चंद्र वर यायला एकच गाठ पडते. तुम्ही स्वतः करून बघा. कोजागिरीला दिवस मावळताना अंगणात उभे राहा. एक हात मावळतीकडे करा, दुसरा उगवतीकडे. एका हाताला सूर्य, दुसऱ्याला चंद्र. दुसऱ्या दिवशी चंद्र पाऊणएक तास उशिरा उगवतो, पण दिसतो जवळजवळ पूर्णच. ज्याची पहिली रात्र कामात गेली त्याला दुसरी रात्र असतेच.

मग त्या वर्षी आम्ही सहालाच घोंगडे अंथरले. मुलाने पहिली पाळी मागून घेतली होती, तोही घरी होता. दूध आटवायचे काम आम्ही अंगावर घेतले, कारण ही म्हणाली, "इतकी वरसं झाली, मी कधी बसून दूध प्यायले न्हाई. चुलीपाशी उभ्यानंच." इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट आमच्या नजरेला आली नव्हती. मुलांच्या पटाचा आकडा आम्हाला तोंडपाठ असे!

चंद्र समोरच्या आंब्यामागून वर आला. सूनबाई गणवेशातच बसल्या होत्या. त्यांनी लेकीला ओवाळले. मग हिने तबक घेतले आणि चाळिशीला आलेल्या थोरल्याला ओवाळले. तो लाजला. आम्ही शेजारीच बसलो होतो. तो काही बोलला नाही, आम्हीही काही बोललो नाही. दूध बुडाला थोडे लागले होते, तेही कुणी बोलून दाखवले नाही. पावणेसातला सूनबाई गाडीवरून निघाल्या. एका बाटलीत दूध बरोबर दिले होते, दोघींना पुरेल एवढे. पाळीला आणखी एक परिचारिका असते.

फराळाचेही तसेच. दिवाळीचा सगळा फराळ एकट्या बाईने रात्री जागून करावा, असे कुठल्या पोथीत सांगितलेले नाही. आमच्याकडे आता चार पदार्थ होतात, आठ नाहीत. शंकरपाळ्या कातायला आम्ही आणि नात बसतो. त्या वेड्यावाकड्या होतात. खाताना फरक पडत नाही.

दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळे पेटतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या नावाने भलत्या ठिकाणचा गूळ विकायला कायद्याने मनाई झाली. चुलवाणावर मोठी काहील ठेवून उसाचा रस उकळतात. जळण म्हणून उसाचीच वाळलेली चिपाडे घालतात. रसावर येणारी मळी काढतात, त्यासाठी रानभेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे. गूळ होण्याच्या थोडे आधी रस काढून घेतला तर ती काकवी. पोराला सायकलवर पुढे बसवून गुऱ्हाळावर न्यावे, गरम काकवी भाकरीबरोबर खायला घालावी. पैसे फारसे लागत नाहीत. काहिलीपासून पोराला लांब मात्र धरावे, उकळता रस अंगावर उडाला तर जिवावर बेतते.

आता शेवटची गोष्ट. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला हेच होते. वर्षातून दोनदा का? तुमच्या उंबऱ्यातून रोज सूर्य कुठे बुडतो ते बघा, एखाद्या झाडाची खूण धरा. जूनअखेरपासून तो रोज थोडा डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला थांबतो आणि उलटा फिरतो. जाताना ज्या जागी बुडाला, त्याच जागी येतानाही बुडणार. १० नोव्हेंबर त्या दिवसाच्या सुमारे ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी तेवढेच दिवस नंतर. ज्यांनी देऊळ बांधले त्यांनी सूर्याकडे नीट बघितले असले पाहिजे.

कोल्हापूर पाऊण तासावर, तरी हिने किरणोत्सव कधी पाहिला नव्हता. नोव्हेंबरात कधी शाळा, कधी कापणी, कधी सुनेचे बाळंतपण. गेल्या खेपेला आम्ही ठरवून गेलो. सूनबाईंनी त्या दिवशीची सुट्टी महिनाभर आधी मागून घेतली आणि घर, गोठा, नात सांभाळायला त्या राहिल्या. देवळात ही गर्दी! आम्ही आवारातच उभे राहून पडद्यावर बघत होतो. किरण उंबऱ्यापाशी आले, पुढे सरकले, देवीच्या पायांवर पडले. तेवढ्यात पश्चिमेला ढग आला आणि उजेड पुसला गेला. लोक हळहळले.

बाहेर येऊन आम्ही गाडीची वाट बघत उभे राहिलो. आम्हाला वाईट वाटत होते. इतक्या वर्षांनी आणले आणि एवढेच दाखवले. ही शेंगा सोलत होती.

"ते परत येतंय म्हणालासा न्हवं?" हिने विचारले. "जानेवारीत?"

"३१ ला," आम्ही म्हणालो.

"मग सूनबाईला आत्ताच सांगून ठिवा," ही म्हणाली. "त्या खेपेला तिला न्यायचं. घराकडं मी बघते."