चमकणारा बोल्ट आणि टिकणारा बोल्ट

एरंडोलच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक हमखास चकचकीत नट-बोल्टला हात घालतं. ती चकाकी झिंक प्लेटिंगची. विजेच्या साहाय्याने चढवलेला जस्ताचा हा थर साधारण 5 ते 8 मायक्रॉनचा असतो. घरातल्या कपाटाला तो पुरतो. शेतातल्या सोलर पंपाच्या सांगाड्याला, तोही खताचं पाणी उडतं तिथे? एक-दोन पावसाळ्यांत गंज दिसला तर नवल नाही.

उघड्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड बोल्टच घ्यावा. सुमारे 450 अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवल्यामुळे त्यावर 40-50 मायक्रॉनचा थर बसतो. दिसायला तो राखाडी, खडबडीत. पण ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. मेख आट्यांत आहे. थर जाड असल्यामुळे या बोल्टचे नट थोडे सैल आटे पाडून बनवतात. त्यावर साधा नट पाना लावून रेटला, तर जस्त खरवडून निघतं.

साक्रीजवळच्या 125 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासारख्या ठिकाणी बोल्ट वर्षानुवर्षं उन्हापावसात राहतात. तिथे ही निवड किरकोळ नसते.

10.9 किंवा 12.9 छापलेल्या जास्त ताकदीच्या बोल्टची गोष्ट वेगळी. प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ताणाखाली अचानक तुटू शकतो. त्यांना झिंक फ्लेकचा लेप बरा. तो चढवताना हायड्रोजन तयार होत नाही.

दुकानात नुसतं ‘जीआय (गॅल्व्हनाइज्ड) द्या’ म्हणून थांबू नका. ‘हॉट डिप’ म्हणा, आणि नट-वायसर त्याच जोडीचे मागा.