प्रश्न उद्भवत नाही

समजा, चिंचपोकळी स्टेशनलगतच्या रेल्वेपुलाचा प्रश्न विधान परिषदेत विचारायचा आहे. हा पूल एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतो, गणपती जवळ आले की त्याची आठवण होते. इथल्या ‘चिंतामणी’ गणपतीचं आगमन असो की विसर्जनाची मिरवणूक, पालिका दरवर्षी बजावते की पुलावर थांबू नका, नाचू नका, 16 टनांपेक्षा जास्त भार नको. आमदाराने हा विषय लिहून दिला, की छापून येताना त्याला गणवेश चढतो. नमुना असा : ‘(1) मुंबईतील चिंचपोकळी येथील रेल्वेमार्गावरील पूल धोकादायक झाल्याचे माहे ऑगस्टमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (2) असल्यास, उक्त पुलाबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (3) अद्याप कार्यवाही केली नसल्यास, होत असलेल्या विलंबाची कारणे काय आहेत?’ समोर मंत्र्यांचं उत्तर : ‘(1) हे अंशतः खरे आहे. (2) तपासणी करण्यात येत आहे. (3) प्रश्न उद्भवत नाही.’

प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळणाऱ्या कुणालाही हा शेवटचा शेरा पाठ असतो. विलंब झाल्याचं कबूलच केलं नाही, तर त्याची कारणं सांगण्याची वेळ येत नाही. हे छापील उत्तर म्हणजे सरकारची बचावाची पहिली फळी. तारांकित प्रश्नाची गंमत पुढे असते. सभापती प्रश्नाचा क्रमांक पुकारतात, मंत्री ‘उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे’ म्हणतात आणि मग उपप्रश्न सुरू होतात. तपासणी कुणी केली? अहवाल कधी आला? अंशतः खरं म्हणजे किती? अतारांकित प्रश्नाला ही सोय नाही, तिथे छापील उत्तरावरच समाधान मानावं लागतं. उपप्रश्नांच्या वेळी अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून मंत्र्यांकडे चिठ्ठ्यांची ये-जा वाढते. चिठ्ठीनेही भागलं नाही आणि सदस्य उठून उभे राहू लागले, तर सभापतींच्या हातात एक हुकमी शब्द असतो : ‘राखून ठेवला.’ याचा अर्थ उत्तर पुरं पडलेलं नाही, नीट माहिती घेऊन पुन्हा या. हा शेरा मंत्रालयातल्या संबंधित खात्याची झोप उडवतो.

विधान परिषदेची ताकद शोधायची, तर मला ती इथे दिसते. सरकार पाडणं तिच्या हातात नाही, कारण मंत्रिमंडळ जबाबदार आहे ते विधानसभेला. धनविधेयक ती फार तर 14 दिवस ठेवून घेऊ शकते. साधं विधेयक पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवलं तर आणखी एक महिना, त्यापुढे तिचं काही चालत नाही. खात्यांच्या मागण्यांवर मतदान होतं ते खालच्या सभागृहात. अर्थसंकल्पाच्या दिवशी तर मोठी पाहण्यासारखी गोष्ट घडते. विधानसभेत अर्थमंत्री भाषणाला उभे राहतात, त्याच वेळी परिषदेत अर्थ राज्यमंत्री तेच भाषण वाचू लागतात. 10 मार्च 2025 रोजी खाली अजित पवार वाचत होते आणि वर आशिष जयस्वाल. टीव्हीचे कॅमेरे अर्थातच खाली.

एवढं सगळं वजा केल्यावर उरतं ते मंत्र्याला उभं करून रेकॉर्डवर उत्तर घेणं. त्यासाठी प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय बाकीची आयुधं आहेत. लक्षवेधी सूचना सगळ्यांना ऐकून माहीत असते. आतली माणसं बाकीची नियमाच्या आकड्यांनीच ओळखतात : ‘93 लावली’, ‘97 वर चर्चा मागितली’, ‘289 दिलाय’. नियम 289 म्हणजे दिवसाचं ठरलेलं कामकाज बाजूला ठेवा आणि आमचा तातडीचा विषय आधी घ्या, अशी मागणी. ती बहुतेक वेळा फेटाळली जाते, पण फेटाळण्यापूर्वी विरोधी बाकांवरून जे बोलायचं ते बोलून झालेलं असतं. ‘औचित्याचा मुद्दा’ हा त्याहून सुटसुटीत. त्याला नेहमी उत्तर मिळेलच असं नाही, पण गावाकडच्या वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी बातमी हमखास येते.

हे सगळं टिपणारे प्रतिवेदक सभागृहातच बसलेले असतात. एकाने काही मिनिटं लघुलेखन करायचं, उठायचं, दुसऱ्याने जागा घ्यायची. त्यांनी तयार केलेल्या पानांच्या माथ्यावर ‘असुधारित प्रत’ असं छापलेलं असतं. आत ‘(अडथळा)’, ‘(गोंधळ)’ अशा कंसांतल्या नोंदी. बाहेर वाहिन्यांवर तासभर चाललेला तमाशा इथे एका कंसात आटोपतो. परिषदेच्या इतिहासाचं साधन म्हणून मला ही पानं वर्तमानपत्रांपेक्षा जास्त भरवशाची वाटतात.

एकूण सदस्य 78. त्यांतले 30 विधानसभेचे आमदार निवडतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, 7 पदवीधर आणि 7 शिक्षक. 12 जण राज्यपाल नेमतात. सभागृह कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. गणपूर्तीला दहा सदस्य लागतात आणि दुपारच्या जेवणानंतर तेवढे भरावेत म्हणून कधी कधी घंटा वाजवत ठेवावी लागते.

आता हा हिशेब चिंचपोकळीच्या एखाद्या चाळीत लावून पाहू. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत राहणारा, सातवी शिकून अपोलो मिलमध्ये साच्यावर लागलेला कामगार आयुष्यभर विधानसभेला मत देत आला. परिषदेसाठी त्याला थेट मत नव्हतं. त्याचा नगरसेवक आणि त्याचा आमदार त्याच्या वतीने काय करतील ते. त्याची मुलगी परळच्या महर्षी दयानंद कॉलेजातून बी.कॉम. झाली, पदवीला तीन वर्षं उलटली, की तिला मुंबई पदवीधर मतदारसंघात मत. घर एक, खोली एक, पण वरच्या सभागृहासाठी बाप मतदार नाही आणि मुलगी मतदार. 1950 साली घटना लागू झाली तेव्हा पदवीधर मोजकेच होते आणि ही सोय विद्वानांसाठी आहे असं म्हणता येत होतं. आज गिरणगावात घरटी एक तरी पदवीधर निघेल. तरी त्यांतले बरेच जण मतदारयादीत नसतात, कारण ही यादी विधानसभेची नव्हे. ती दर निवडणुकीला कोरी करून नव्याने बनते. अर्हता दिनांक 1 नोव्हेंबर, पदवीधरांसाठी 18 नंबरचा फॉर्म, शिक्षकांसाठी 19 नंबरचा, सोबत पदवीच्या कागदाची प्रत. मागच्या वेळी नाव होतं ही सबब इथे चालत नाही. त्यामुळे या मतदारसंघांत खरी निवडणूक नोंदणीच्या वेळीच लढली जाते. फॉर्मांचे गठ्ठे घेऊन चाळीचे जिने चढणारा कार्यकर्ता ज्या पक्षाकडे जास्त, त्याचं पारडं आधीच जड.

मतदानाची तऱ्हाही वेगळी. यंत्र नाही, कागदी मतपत्रिका. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचं, खिशातलं पेन काढलं तर मत बाद. पसंतीच्या उमेदवारापुढे 1 हा आकडा, हवं तर पुढे 2, 3. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, फुली मारली, सही केली तरी बाद. आणि पदवीधरांच्या मोजणीतही बाद मतांचा गठ्ठा दर वेळी निघतोच! 26 जून 2024 च्या मतदानातून मुंबई पदवीधरमध्ये अनिल परब आणि मुंबई शिक्षकमध्ये ज. मो. अभ्यंकर निवडून आले. अभ्यंकरांच्या आधी शिक्षकांची ही जागा 2006 पासून सलग तीन वेळा कपिल पाटील यांच्याकडे होती. अनुदान, रात्रशाळा, शिक्षकांचा पगार एक तारखेला होणं, असले विषय त्यांनी सभागृहात इतके लावून धरले की शिक्षण खात्याच्या प्रश्नांचा दिवस त्यांचाच म्हणायचा.

रात्रशाळा हा गिरणगावाचा जिव्हाळ्याचा विषय. पाळी सुटल्यावर कामगार जिथे शिकायला बसत, त्या शाळांच्या मागे ना. म. जोशींनी 1911 साली काढलेली सोशल सर्व्हिस लीग होती. कायदेमंडळाशी या वस्तीचं नातंही वरच्या सभागृहाहून जुनं आहे. मुंबई इलाख्याचं कायदे कौन्सिल एकच होतं त्या काळात, 4 ऑगस्ट 1923 रोजी, कामगार हितवर्धक सभेचे सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. चार वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला त्याला या ठरावाचा आधार होता. 1928 साली रा. सु. आसवले यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक मांडलं, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला परळच्या चाळीत राहणारे डॉ. आंबेडकर उभे राहिले. ते तिथे नामनियुक्त सदस्य होते. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि इथल्या गिरण्यांतल्या बायकांना तो लागू पडला.

दुसरं सभागृह आलं ते 1935 च्या कायद्याने. जुलै 1937 मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये पहिली बैठक झाली, मंगलदास पकवासा पहिले अध्यक्ष. मुंबईत कामकाज चालायचं ते रीगलसमोरच्या जुन्या इमारतीत. खलाशांसाठी बांधलेलं ते रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. 1928 पासून ते कौन्सिल हॉल झालं, आता तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. नरिमन पॉइंटच्या विधान भवनाचं उद्घाटन इंदिरा गांधींनी 19 एप्रिल 1981 रोजी केलं.

परिषद हवी कशाला, हा प्रश्न महाराष्ट्रात अधूनमधून डोकं वर काढतो. पश्चिम बंगालने आपली 1969 मध्ये बंद केली, तमिळनाडूने 1986 मध्ये. देशात आता सहाच राज्यांत ती उरली आहे. मला अशा वेळी वि. स. पागे आठवतात. 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं ते सभापती होते. खुर्चीत बसणाऱ्याने बोलायचं कमी असतं, पण रोजगार हमी योजनेची कल्पना या माणसाची. 1977 साली तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अंमल. पैशासाठी व्यवसाय कर बसवला गेला. पगाराच्या स्लिपवर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते हेच खातं. दुष्काळी तालुक्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत शहरातल्या नोकरदाराचा वाटा घालणारी ही योजना पुढे देशपातळीवरच्या कायद्याला वाट दाखवून गेली. ना. धों. महानोरांना 1978 साली राज्यपालांनी नेमलं आणि कवी म्हणून गेलेला हा शेतकरी तिथे पाण्यावर आणि फळबागांवर बोलत राहिला. नियुक्त जागांचा उपयोग असा व्हावा, ही अपेक्षा होती.

अलीकडचा अनुभव निराळा. नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावं राज्यपालांकडे पाठवली, त्यांचा निर्णयच झाला नाही. सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली आणि शेवटी 15 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभेची आचारसंहिता लागण्याच्या काही तास आधी, सात जणांनी शपथ घेतली. त्यांच्यात कवी, शास्त्रज्ञ शोधत बसू नये. 2022 पासून महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या, तसतसे स्थानिक संस्थांचे आमदार मुदत संपून घरी गेले आणि त्यांना निवडायला मतदारच उरले नाहीत. जुलै 2022 मध्ये रामराजे नाईक-निंबाळकरांची मुदत संपल्यावर सभापतिपदही रिकामं राहिलं. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरला राम शिंदे बिनविरोध निवडून येईपर्यंत उपसभापती नीलम गोऱ्हे यांनीच सभागृह चालवलं.

मुख्यमंत्र्यांना मात्र परिषद वेळोवेळी उपयोगी पडली आहे. सभागृहाबाहेरच्या माणसाला सहा महिन्यांत आमदार व्हावं लागतं. पृथ्वीराज चव्हाण 2011 मध्ये इथूनच आले, उद्धव ठाकरे मे 2020 मध्ये. आणि विधानसभा सदस्य गुप्त मतदानाने परिषदेचे आमदार निवडतात, तेव्हा कोणत्या पक्षाचं घर कुठे गळतंय ते कळतं. 20 जून 2022 रोजी हे मतदान झालं आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेला निघाले. त्याच निवडणुकीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे अध्यक्ष सचिन अहिर निवडून गेले. त्यामुळे बंद गिरण्यांच्या कामगारांच्या घरांचा विषय आज परिषदेत मांडायला गिरणगावातला माणूस आहे. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास, मिळालेली घरं त्यांच्या एक दशांशाइतकी. मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं घ्या म्हटल्यावर 9 जुलै 2025 ला, पावसाळी अधिवेशन चालू असताना, कामगार आझाद मैदानावर जमले होते. दोनच दिवसांनी जनसुरक्षा विधेयक परिषदेत मंजूर झालं. विधानसभेने ते आदल्या दिवशी संमत केलं होतं. परिषदेला तीन महिने घ्यायची मुभा होती, पण विरोधकांच्या सभात्यागासह एक दिवस पुरला.

आणखी एक गोष्ट राहिली. शिक्षक मतदारसंघात मत आहे ते माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-कॉलेजांत किमान तीन वर्षं शिकवलेल्यांना. चिंचपोकळीतल्या पालिकेच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या बाईंना ते नाही. उलट, उमेदवार शिक्षक असावा किंवा पदवीधर असावा अशी अट कुठेच नाही. प्राथमिक शिक्षकांनाही मत द्या, ही मागणी त्यांच्या संघटना कैक वर्षं करत आल्या आहेत. घटनेच्या 171 व्या कलमाने रचना ठरवून दिली आहे आणि ती बदलायचा अधिकार संसदेचा. परिषदेत यावर फार तर अशासकीय ठराव येऊ शकतो, तोही शुक्रवारी दुपारी, निम्मे सदस्य गावाकडच्या गाड्या पकडायला निघाल्यावर.