शंभरांतले चोपन्न

टेनिस तुमच्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष खेळले असेल. पण रॉजर फेडरर हे नाव बहुतेकांनी ऐकले असेल. २०२२ साली तो निवृत्त झाला. पुढे जून २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण करताना त्याने आपल्या खेळाचा एक हिशेब विद्यार्थ्यांपुढे मांडला. एकेरीचे १,५२६ सामने तो खेळला आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकला. मग त्याने श्रोत्यांना विचारले, की या सामन्यांतील एकूण पॉइंटपैकी मी किती टक्के जिंकले असतील? उत्तर होते, फक्त ५४ टक्के.

म्हणजे जगातला हा अव्वल खेळाडू दर शंभर पॉइंटांमागे ४६ पॉइंट हरत होता! मग या ५४ चे ८० झाले कसे? ‘जिंकण्याची जिद्द’ असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. पण जिद्द समोरच्या खेळाडूतही असतेच. उत्तर गणितात आहे, आणि ते समजले तर तुमच्या घटक चाचणीपासून कॅरमच्या डावापर्यंत अनेक गोष्टींकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागाल.

टेनिसमध्ये किमान चार पॉइंट आणि दोन पॉइंटांची आघाडी मिळाली की एक गेम होतो. अशाच रीतीने सहा गेम जिंकले की सेट, आणि बहुतेक स्पर्धांत तीनपैकी दोन सेट जिंकले की सामना. समजा, प्रत्येक पॉइंट जिंकण्याची तुमची शक्यता शंभरात ५४ आहे. (सर्व्हिस कोणाची, हा मुद्दा सोपेपणासाठी बाजूला ठेवू.) गणित केले तर गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ६० टक्के येते, सेटची ७६ टक्के आणि सामन्याची तब्बल ८६ टक्के! पायरीपायरीने फरक वाढत जातो. प्रत्यक्षात कधी प्रतिस्पर्धी दुबळा असतो, कधी तोडीस तोड असतो, म्हणून फेडररचा आकडा ८६ च्या थोडा खाली येतो, इतकेच.

हे घरी करून पाहता येईल. एका डब्यात सारख्या आकाराच्या वीस चिठ्ठ्या घाला. अकरांवर फुली मारा, नऊ कोऱ्या ठेवा. डबा हलवून न पाहता एक चिठ्ठी काढा, नोंद करा, चिठ्ठी परत टाका. फुली आली तर तुम्ही जिंकलात, कोरी आली तर हरलात. इथे जिंकण्याची शक्यता शंभरात ५५ आहे. आता दहा वेळा चिठ्ठी काढा. जिंकण्यापेक्षा हरणे अधिक झाले, असे घडण्याची शक्यता किती? सुमारे २६ टक्के. म्हणजे वर्गातील चाळीस मुलांनी हा खेळ केला, तर दहा-अकरा जण पराभूत होऊन बसतील, आणि त्यांतला एखादा ‘माझे नशीबच फुटके’ असेही म्हणेल. डबा मात्र सर्वांचा एकच होता! दहाऐवजी शंभर चिठ्ठ्या काढल्या, तर हरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर येते. हजार काढल्या, तर ते हजारात एकाहूनही कमी होते.

असे का व्हावे? इथे दोन गोष्टींची शर्यत चाललेली आहे. एक तुमची थोडीशी सरशी. प्रत्येक चिठ्ठीमागे ती सरासरीने एकदशांश आहे. म्हणून दहा चिठ्ठ्यांत ती १ होईल, शंभरांत १०, हजारात १००. दुसरी गोष्ट म्हणजे योगायोगाची चढउतार. तीही वाढते, परंतु संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. दहा चिठ्ठ्यांत साधारण ३, शंभरांत १०, हजारात सुमारे ३२. हे आकडे जोडीने पाहा. दहा चिठ्ठ्यांत योगायोग सरशीच्या तिप्पट, शंभरांत दोघे बरोबरीत, हजारात सरशी योगायोगाच्या तिप्पट. दहा हजारांत ती दसपट होईल. सरशी कणभरही वाढवलेली नाही. वाढवली ती फक्त खेपांची संख्या.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये, कारण तुमच्या घरातल्या तारांत हेच चाललेले असते. तांब्यातील मुक्त इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर इतक्या प्रचंड वेगाने सैरावैरा धावत असतात. पण या धावपळीला दिशा नसते. जितके उजवीकडे तितकेच डावीकडे. म्हणून वेग एवढा असूनही तारेत प्रवाह नसतो. आता तारेची टोके बॅटरीला जोडा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहताना इलेक्ट्रॉनांचा एका दिशेने सरकण्याचा वेग किती असतो, ठाऊक आहे? मिनिटाला जेमतेम साडेचार मिलिमीटर! गोगलगायही हसेल. तरीही दिवा लागतो तो या सरकण्यामुळे, त्या सैरावैरा धावण्यामुळे नव्हे.

आता एका घटक चाचणीचा विचार करा. पाच प्रश्न, वीस गुण. नेमके तुम्ही ऑप्शनला टाकलेल्या धड्यावर दोन प्रश्न आले, किंवा आदल्या रात्री ताप आला. अशी चाचणी म्हणजे दहा चिठ्ठ्यांचा खेळ. तिच्यावरून ‘मला गणित जमणार नाही’ असा निकाल देणे हे विज्ञानाच्या दृष्टीने चूक आहे. मनाला बरे वाटावे म्हणून मी तसे म्हणत नाही. आणि हेही तितकेच खरे, की तशा एका चाचणीत वीसपैकी वीस मिळाले, म्हणून ‘मला गणित येते’ असेही सिद्ध होत नाही. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो.

क्रिकेटच्या शौकिनांना एक उदाहरण आठवेल. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा करून वेस्ट इंडिजला १४० त गुंडाळले आणि विश्वचषक जिंकला. त्याच वर्षाच्या शेवटी तोच वेस्ट इंडिज संघ भारतात आला, सहा कसोटींची मालिका ३-० अशी आणि पाच एकदिवसीय सामने ५-० असे जिंकून गेला. लॉर्ड्सचा विजय यामुळे खोटा ठरत नाही. पण मोठी मालिका संघाचे बळ मोजते. एका दिवसाच्या सामन्यात कमी बळाच्या संघालाही वाव असतो. तेव्हा प्रतिस्पर्धी वरचढ असेल तर डाव लहान ठेवावा, आणि तुम्ही वरचढ असाल तर लांबवावा, हे शहाणपणाचे!

मात्र एक मोठी अट आहे. सरशी तुमच्या बाजूची हवी. ‘प्रयत्न सोडू नका’ हा उपदेश देणारे ही अट सांगायला विसरतात. कॅसिनोतील रूलेटच्या चाकावर एक शून्य धरून ३७ घरे असतात; त्यांतली १८ लाल. लालवर पैसे लावणारा ३७ पैकी १८ वेळा, म्हणजे शंभरात ४९ हूनही थोडे कमी वेळा जिंकतो. एखाद्या रात्री तो खिसे भरून घरी जाईलही. पण चिकाटीने रोज खेळत राहिला, तर त्याची चिकाटीच त्याला बुडवते. हजार चिठ्ठ्यांचा नियम इथे मालकाच्या बाजूने काम करतो. चुकीची पद्धत जिद्दीने वर्षभर राबवणारा विद्यार्थी या गिऱ्हाइकाहून फारसा वेगळा नसतो.

मग आपली पद्धत सरशीची की तोट्याची, हे ओळखायचे कसे? ताबडतोब दिसणाऱ्या निकालावरून ते कळेलच असे नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला याबाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उताऱ्याकडे न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. वाचणारे जिंकले! परंतु ज्यांची परीक्षा एका आठवड्याने घेतली, त्यांच्यात वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिला होता ४० टक्के मजकूर आणि लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. पुस्तक मिटून आठवणे कष्टाचे असते, अडखळायला होते, आणि आपण मागे पडलो असे वाटते. सरशी असते ती नेमकी तिथेच. वाचणाऱ्याला मात्र पाचव्या मिनिटाला आपण जिंकलो असेच वाटत असते.

शिक्षकांसाठीही यात एक खाच आहे. डॅनिएल काहनेमान हे मानसशास्त्रज्ञ (२००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो, असे ते म्हणताच एक अनुभवी प्रशिक्षक उठला. त्याचे म्हणणे असे, की उत्तम कसरत केल्यावर वाहवा केली तर पुढची कसरत हमखास बिघडते, आणि वाईट कसरतीवर ओरडलो तर पुढची सुधारते. त्याचे निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष चुकला होता. फार चांगल्या कामगिरीत योगायोगाचा हात असतो. पुढच्या खेपेस तो नसतो, म्हणून कामगिरी सरासरीकडे परतते. फार वाईट कामगिरीचेही तसेच. प्रशिक्षक ओरडला नसता तरी हेच झाले असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ सालीच आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत असे ‘परतणे’ दाखवले होते. काहनेमान यांनी मग प्रशिक्षकांना पाठीमागे ठेवलेल्या लक्ष्याकडे न वळता दोन-दोन नाणी फेकायला लावली. पहिल्या फेकीत जे सर्वांत सरस ठरले, ते बहुतेक दुसऱ्या फेकीत घसरले; जे मागे होते ते बहुतेक सुधारले. कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती, की रागावलेही नव्हते.

वर्गात हे नाण्यांऐवजी खडूच्या तुकड्यांनी करता येईल. जमिनीवर एक वर्तुळ काढा आणि प्रत्येकाने त्याकडे पाठ करून दोन तुकडे फेकावेत. वर्तुळाच्या मध्यापासूनची दोन्ही अंतरे फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. चाळीस मुले पुरेशी आहेत. पहिल्या पाचांची आणि शेवटच्या पाचांची दुसरी अंतरे शेवटी, एकदमच वाचा.