चिकावर पहिला हक्क वासराचा

शनिवार पेठेतल्या माणसाला गोठा दिसत नाही, पण खरवस दिसतो. कधी वेलदोडा-जायफळाच्या वासाची वडी दुकानातून घरी येते, कधी गावाकडून कोणी तांब्याभर चीक पाठवतो आणि तो गूळ घालून घरीच वाफवला जातो. पुण्याच्या पेठांना दूध पुरवणारे गोठे दौंड, इंदापूर, शिरूर, बारामतीकडचे. चीकही तिकडचाच. तो ज्याच्यासाठी गाईच्या कासेत उतरला, त्या वासराला वेळेवर मिळाला का, हे खरवस खाणाऱ्यांनीही विचारायला हवे.

माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक प्रतिपिंडे गर्भातच मिळतात. गाई-म्हशींच्या वारेची रचना वेगळी असते. आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये इतके पडदे असतात की प्रतिपिंडे पलीकडे जाऊच शकत नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याचे संरक्षण चिकात असते. चांगल्या चिकाच्या एका लिटरमध्ये अशी प्रतिपिंडे ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतात. चीक तापवला की घट्ट बसतो, तो त्यातल्या अशाच प्रथिनांच्या भरपूर साठ्यामुळे. पहिल्या धारेचा खरवस सर्वांत घट्ट होतो आणि वासराला सर्वाधिक गरज असते तीही त्याच पहिल्या धारेची. आपल्या पोटात मात्र या प्रतिपिंडांचा उपयोग होत नाही, कारण उष्णतेने ती निकामी झालेली असतात. खरवसातून आपल्याला चव आणि प्रथिने मिळतात, वासराला चिकातून आयुष्य मिळते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. नवजात वासराच्या आतड्यांतून प्रतिपिंडे अखंड स्वरूपात रक्तात जातात, पण ही वाट तासागणिक अरुंद होत जाते आणि २४ तासांत जवळपास बंद होते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजायला हवा. पहिल्या १२ तासांत वजनाच्या एक दशांश चीक पोटात जावा, म्हणजे ३० किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर. तरीही वार पडल्याशिवाय गाईची धार काढायची नाही, अशी समजूत अनेक गोठ्यांत आजही आहे. वार पडायला आठ-बारा तास लागू शकतात, तोवर मोलाचा वेळ निघून जातो. उलट वासराने सड ओढले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि वार सुटायला मदतच होते.

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बाएफ' ही संस्था उभी केली. तिच्यासारख्या संस्थांच्या कामातून संकरित गाई गावोगाव पोहोचल्या आणि दूध वाढले. त्याबरोबर माणसाची जबाबदारीही वाढली. देशी गाईचे वासरू उठून स्वतःच आचळाला लागते. अनेक संकरित गोठ्यांत ते आईपासून वेगळे करून बाटलीने किंवा बादलीने पाजले जाते. तिथे उशीर झाला, तर तो माणसाचा असतो.

चिकाइतकीच नाळेची काळजी महत्त्वाची. नाळ लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन-तीन बोटे अंतर सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधावी, निर्जंतुक पात्याने कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. उघड्या नाळेतून शिरलेले जंतू सांध्यांपर्यंत पोहोचतात, मग गुडघे सुजतात आणि वासरू लंगडू लागते. जागा कोरडी हवी, अंथरूण रोज बदललेले हवे.

पहिल्या महिन्यातला मोठा शत्रू म्हणजे हगवण. त्यात वासरू दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी लवकर सपाट झाली नाही, तर क्षार-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. दूध बंद करू नये, उपाशी वासराची ताकद आणखी खचते. म्हशीच्या रेडकांना गोल जंत आईच्या दुधातूनच होतात, त्यामुळे दहाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे.

खरवस सोडा, असे कोणी म्हणत नाही. चांगली संकरित गाय पहिल्या दिवशी वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते. उरलेला चीक उणे २० अंशांवर वर्षभर टिकतो. ज्याची आई व्यायल्यावर दगावली, त्या वासराला तो कोमट पाण्यात वितळवून पाजता येतो. प्रत्येक गावच्या दूध संस्थेने यासाठी डीप फ्रीझरचा एक कप्पा राखावा. आणि खरवस घेणाऱ्यांनी गवळ्याला एवढेच विचारावे : "वासराचे पोट भरले का?" हा प्रश्न गिऱ्हाइकाकडून वारंवार गेला, तर गोठ्यातली सवय नक्की बदलेल.