अस्थिभंग, ताणजन्य : कर्कापासून व्यवच्छेदक निदान

एकाच मोठ्या आघाताने नव्हे, तर लहान ताण पुनःपुन्हा पडल्याने हाडाला जी बारीक चीर जाते, तिला ताणजन्य अस्थिभंग म्हणतात. निरोगी हाडावर अतिरिक्त भार पडल्यास (उदा., सैनिक, धावपटू) किंवा अस्थिविरलतेने दुर्बल झालेल्या हाडावर नेहमीचाच भार पडल्यास तो उद्‌भवतो. प्रशियन सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कूच केलेल्या सैनिकांच्या पायांवरील सुजेचे वर्णन केले. क्ष-किरणांच्या शोधानंतर (१८९५) तिचे कारण प्रपदास्थींचा (तळपायातील लांब हाडांचा) भंग हे असल्याचे १८९७ मध्ये आढळले.

आघाताचा पूर्वेतिहास नसल्यामुळे आणि भंग सांधताना नवी अस्थी तयार होत असल्यामुळे प्रतिमेत मारक अर्बुदाचा (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेल्या गाठीचा) भास होऊ शकतो. टेक्नेशियम (९९ एम) वापरून केलेल्या अस्थिचित्रणात अस्थिनिर्मिती वाढलेली जागा ठळक दिसते; परंतु केवळ ठळकपणावरून कारण ठरत नाही. लगतच्या बरगड्यांवर एका ओळीत दिसणारे ठिपके बहुधा आघाताचे, तर एकाच बरगडीच्या लांबीवर पसरलेला पट्टा कर्काच्या प्रक्षेपाचा निदर्शक असतो. श्रोणीवर प्रारण चिकित्सा झालेल्या रुग्णांत त्रिकास्थीचा भंग होऊ शकतो. तेथे ‘एच्’ या रोमन अक्षरासारखी आकृती दिसल्यास ती भंगाची सूचक होय.

क्ष-किरण चित्रात भंगालगतची पर्यस्थिकलेखालील (हाडावरील आवरणाखालील) नवी अस्थी गुळगुळीत व अखंड असते. मारक अर्बुदात ती खंडित किंवा सूर्यकिरणांप्रमाणे पसरलेली असते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत भंगाची काळी रेषा व तिच्याभोवती मज्जेतील अस्पष्ट कडांची सूज दिसते. मज्जेची जागा घेणारा गोळा, बाह्य कवचाचा नाश आणि शेजारच्या मृदू ऊतकातील गाठ ही कर्काची लक्षणे होत. संगणकीय छेदचित्रणाने बारीक चीर सापडू शकते.

जीवोतक परीक्षेतही (ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतही) धोका संभवतो. सांधणाऱ्या भंगातील अपक्व अस्थी व विभाजन पावणाऱ्या कोशिका अस्थिजन्य मांसकर्कासारख्या दिसू शकतात. अशा चुकीच्या निदानातून अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया ओढवू शकते. म्हणून प्रतिमा भंगाशी जुळत असल्यास विश्रांती देऊन दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चित्रण करतात. गाठ किंवा कवचाचा नाश दिसल्यास मात्र वाट पाहणे योग्य नसते. कारण कर्काने पोखरलेले हाडही किरकोळ ताणाने मोडते.