पाच महिन्यांचे नवरदेव
पंखांची सोबत : भाग ७

कालपरवापर्यंत चारा मागणारं पिल्लू एके सकाळी गळा फुगवून घुमायला लागतं. मान खाली घालून गिरक्या घेतं, शेपूट जमिनीला घासत शेजारच्या कबुतरामागे हिंडतं. शेजारी कुणी नसेल तर मालकाचा हात, नाहीतर पायातली चप्पलसुद्धा त्याला चालते. घरात हसू पिकतं. तारखा मोजल्या तर हे नवरदेव जेमतेम पाच महिन्यांचे!

कबुतर साधारण पाच-सहा महिन्यांत वयात येतं, काही त्याआधीही. पण वयात येणं वेगळं आणि संसार पेलणं वेगळं. कोवळ्या मादीच्या अंड्यांची कवचं पुष्कळदा पातळ निघतात, काही अंडी फळतच नाहीत. नवखी जोडी उबवणं अर्ध्यावर टाकून उठते. खरा धोका अंडं अडकण्याचा. पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली, सारखी जोर करणारी मादी दिसली, तर तेल-हळदीचे प्रयोग नकोत. तिला ऊब द्यावी आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.

विणीची ही घाई लावतो तो मुख्यतः उजेड. दिवस मोठा होऊ लागला की कबुतराचं शरीर विणीच्या तयारीला लागतं. थंड देशांत हिवाळ्याचा आखूड दिवस या तयारीला आपोआप लगाम घालतो. गोव्यात, पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावर मात्र डिसेंबरातही दिवस अकरा तासांच्या वर असतो. त्यात पडवीतला दिवा रात्री दहापर्यंत ढाबळीवर पडत असेल, तर कबुतरांच्या लेखी बारमाही उन्हाळाच. म्हणून वीण लांबवण्याचा पहिला उपाय बिनखर्चाचा : संध्याकाळ झाली की ढाबळीत काळोख.

दुसरी गोष्ट नजरेची. १९३९ मध्ये एल. हॅरिसन मॅथ्यूज या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने कबुतरांच्या माद्या एकेकट्या ठेवून पाहिल्या. एकटी मादी अंडी घालत नव्हती. तिच्यापुढे आरसा ठेवला, तेव्हा मात्र तिने घातली. नर नाही, स्पर्श नाही, नुसतं प्रतिबिंब पुरलं. पिंजऱ्यात शोभेला टांगलेला आरसा असा महागात पडतो. नर-मादी वेगळे ठेवायचे तर मध्ये नुसती जाळी लावून भागत नाही, नजर अडवणारी फळी हवी. दोन माद्या एकत्र ठेवल्या तरी त्या आपसात जोडा जमवतात, आणि मग घरट्यात दोनऐवजी चार अंडी दिसतात. एका घरट्यातली भावंडंही नातं पाळत नाहीत, तेव्हा त्यांची फारकत वेळेवर करावी.

घरट्याची सामग्रीही आवरती घ्यावी. अंगणात खराटा ठेवला की त्यातले माडाचे हीर एकेक करून ढाबळीत पोचतात. मातीची परळ, अंधारा कोनाडा, हीर हे सारं काही महिने दृष्टीआड ठेवायचं. पाठीवरून हात फिरवण्याचा लाडही बंद. पक्ष्याच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा होतो. डोकं खाजवलं तर हरकत नाही.

एवढं करूनही अंडी आलीच तर? ती उचलून फेकणं ही नेहमीची चूक. घरटं रिकामं झालेली मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालू शकते आणि अंगातलं कॅल्शियम पुन्हा खर्चते. त्यापेक्षा खऱ्या अंड्यांच्या जागी लाकडाची किंवा प्लास्टरची अंडी ठेवावीत. दुसरं अंडं पहिल्यानंतर सुमारे दोन दिवसांनी येतं. ते आलं की त्याच दिवशी अदलाबदल उरकावी. पुढे नर दिवसा आणि मादी रात्री इमानेइतबारे बसतात. झीज भरून काढायला समुद्रफेन आणि शिंपल्यांचा चुरा आहेच. तिसऱ्या खाणाऱ्या गोव्यात शिंपल्यांना काय तोटा?

पिल्लं झाली तर झाली, असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. उबवणीला सतराअठरा दिवस, पिल्लू सुटं व्हायला साधारण महिना, आणि तेवढ्यात मादी पुढच्या अंड्यांवर. सहा विणी धरल्या तरी वर्षाला डझनभर पिल्लं, आणि पहिल्या विणीची पिल्लं वर्ष सरायच्या आत स्वतः घुमायला तयार. जास्तीची कबुतरं मोकळी सोडणं म्हणजे मोकाट थव्यांत भर. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून वाद उठला होता. मोपाला तर ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरताहेत, आणि कुठल्याही धावपट्टीजवळ पक्ष्यांचे थवे विमानांना धोक्याचेच. सोडण्याचा पर्याय इथे मुळात धरूच नये.

लाकडी अंडी निदान तीन आठवडे जागची हलवू नयेत. बसून बसून जोडी कंटाळते आणि आपणहून उठते. ती उठली की त्याच संध्याकाळी परळ धुऊन माळ्यावर टाकावी. पिल्लं हवीच असतील, तर मादीचं एक वर्ष पुरं झाल्यावर परळ पुन्हा खाली काढता येते.