गिझर बिघडला : दुरुस्त करावा की बदलावा?

आदिलाबादच्या थंडीचा तेलंगणात लौकिक आहे. पौषात हैदराबादकर एका पातळ स्वेटरवर भागवीत असतात, तेव्हा पैनगंगेच्या या काठी पारा कित्येक वर्षी ५ अंशांच्या आसपास उतरलेला असतो. अशा पहाटे न्हाणीघरात ऊन पाणी असणे ही काही चैन नव्हे. घरात तान्हे मूल, बाळंतीण किंवा दम्याने जर्जर झालेले वडीलधारे असले, तर ती निकडच. आणि गिझर बिघडतो तोही नेमका याच दिवसांत. मग घरात दोन पक्ष पडतात. जुने टाकून नवे आणावे असे तरुणांचे म्हणणे, तर चार पैशांत दुरुस्त होईल असे थोरांचे. आमच्या मते या वादाचा निकाल यंत्राच्या वयावर नव्हे, तर बिघाड कोठे आहे यावर लागावयास हवा.

आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या तांब्याचा बंब होता. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. पऱ्हाट्या, तुराट्या, वाळल्या गोवऱ्या, जे हाताशी असेल ते त्यात खपे. त्याची कळ सर्वांना ठाऊक होती. रिकामा बंब पेटविला तर डाख सुटतो, म्हणून काढाल तेवढे पाणी पुन्हा घाला, असा घरोघरी दंडक असे. गळला तर दिसे आणि तांबटाकडे गेला की बरा होऊन येई. शिवाय वरचे झाकण सैल असल्यामुळे वाफ कधी कोंडत नसे. गिझरचे सारे याच्या उलट आहे. तो बंद पेटीत बंद भांडे आहे. त्याचे दुखणे दिसत नाही, म्हणून ते वेळीच ओळखावे लागते.

‘गिझर’ हे नाव आइसलंडमधील एका उसळत्या उष्ण झऱ्यावरून आले. आपल्याला तेवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या आणि राज्यपुनर्रचनेत महाराष्ट्राकडे गेलेल्या किनवट भागात उनकेश्वरची ऊन पाण्याची कुंडे आहेतच. तेथे मात्र कारागीर बोलवावा लागत नाही! कारागिराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : तेलुगूत ऊन पाण्याला ‘वेडि नीळ्ळु’ म्हणतात. नव्याने या भागात आलेल्या मराठी सुनेला ते ऐकून कोण वेडी झाली असा प्रश्न पडला, तर नवल नाही.

असो. आपल्याकडे गिझरचा मुख्य वैरी पाणी. पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीचे थर आहेत; त्यांच्याच जोरावर आदिलाबादेत सिमेंटचा कारखाना निघाला होता, तो नव्वदीच्या दशकात बंद पडला. अशा खडकातून झिरपलेल्या विंधन विहिरीच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी तापले की तो विरघळलेल्या स्थितीत राहत नाही आणि पांढऱ्या खरपुडीच्या रूपाने तापणाऱ्या कांडीवर बसतो. पाणी ६० अंशांपलीकडे गेले की ही खरपुडी झपाट्याने वाढते. कांडीची उष्णता पाण्यात सुखाने जात नाही, ती आतल्या आत भाजून निघते आणि एके दिवशी तडकते. गिझरमधून तडतड, खदखद असा आवाज येऊ लागला की समजावे, खरपुडी धरली आहे. वीज तोडून, पाणी उपसून जाणत्या कारागिराने कांडी बाहेर काढावी आणि लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात काही तास भिजत ठेवावी. फरशीचे जहाल ॲसिड वापरू नये. कांडी तडकलीच असेल तर नवी बसते. तेवढ्यासाठी गिझर टाकू नये.

कित्येकदा तर बिघाड गिझरमध्ये नसतोच. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर नेण्यास सुमारे पाऊण युनिटहून थोडी अधिक वीज लागते. २,००० वॅटची कांडी ते काम पंचवीसेक मिनिटांत करते. पण विजेचा दाब २३० व्होल्टांवरून १८० वर घसरला, तर त्याच कांडीची शक्ती सव्वाबाराशे वॅटवर येते आणि पंचवीसची चाळीस मिनिटे होतात. खेड्यापाड्यांतून पहाटे हे घडते. नवा गिझर आणून त्यात फरक पडणार नाही.

टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक सळई असते, तिची मात्र पुष्कळांना वार्ताच नसते. टाकीच्या लोखंडाऐवजी ती स्वतः झिजते. वर्षातून एकदा ती पाहावी आणि बारीक झाली असेल तर बदलावी. ती संपली की गंज टाकीवर उलटतो, पाणी तांबूस येते आणि टाकी पाझरू लागते. जोडांतून गळत असेल तर वायसर बदलून भागते. टाकीच पाझरत असेल तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. तेथे डाख चालत नाही.

सर्वांत अधिक धोक्याची गोष्ट निराळीच आहे. पाणी तापताना फुगते. १५ लिटरमागे सुमारे पाव लिटर. ते दाबाच्या व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. ही गळती नव्हे, हा गिझरचा श्वास आहे. परंतु फरशी ओली होते म्हणून त्या तोंडाला बूच मारण्याची बुद्धी काही जणांना होते. तापमान राखणारा थर्मोस्टॅट त्यानंतर कधी अडकला आणि सुरक्षेचा कटआउटही चालला नाही, तर कोंडलेली वाफ टाकी फोडल्यावाचून राहत नाही. तसेच अर्थिंगचे. तडकलेल्या कांडीतून पाण्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी ती एकच वाट. ती नसेल तर वीज आंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जाते. ३० मिलीॲम्पिअरवर वीज तोडणारी कळ घराच्या फळीवर बसवून घ्यावी. गिझर बंद करूनच आंघोळीस बसावे.

विजेचा खर्च टाळण्यासाठी काही घरांत गॅसचा गिझर आला आहे. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन यांनी १८६८ मध्ये पहिला गॅस गिझर काढला, तेव्हा त्याला धूर बाहेर नेणारे धुराडे नव्हते. आज दीडशे वर्षांनंतरही आपण तो दार-खिडकी लावलेल्या कोंदट न्हाणीघरात टांगतो! त्यातून उत्पन्न होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आत गेलेले माणूस गुंगी येऊन पडते आणि बाहेरच्यांना वाटते, आज आंघोळीला वेळ लागतो आहे. तो गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असला पाहिजे.

नवा विद्युत गिझर घेणे भागच पडले, तर नुसत्या ताऱ्यांवर भुलू नये. मॅग्नेशियमची सळई बदलता येते का आणि टाकीची हमी किती वर्षांची, हे दुकानदाराला आधी विचारावे. उभ्या गिझरची कांडी आणि सळई बहुधा खालून निघते. ती पूर्ण बाहेर येईल एवढी मोकळी जागा खाली राखूनच तो भिंतीवर लावून घ्यावा.